पान्हा आणि पीयूषिका

मराठीत ‘दूध’ आणि ‘पान्हा’ हे पर्यायी शब्द नाहीत. दूध ही वस्तू आहे. पान्हा ही घटना. दूध असते किंवा नसते. पान्हा फुटतो, दाटतो, आटतो, आणि गाय तो चोरतेही. संस्कृत ‘प्रस्नव’, प्राकृत ‘पण्हव’ अशा वाटेने आलेल्या या शब्दाने जो भेद सांभाळून ठेवला, तो शरीरशास्त्राला विसाव्या शतकात उलगडला.

१९२८ साली अर्न्स्ट शारर या जर्मन संशोधकाला एका लहान माशाच्या मेंदूत, अधश्चेतकात म्हणजे हायपोथॅलॅमसमध्ये, ग्रंथीप्रमाणे स्रवणाऱ्या चेतापेशी आढळल्या. चेतापेशीने संदेश न्यावा आणि ग्रंथीने स्रवावे, ही कामाची वाटणी तेव्हा इतकी पक्की मानली जाई की त्यांच्या म्हणण्यावर दीर्घकाळ अविश्वासच दाखवला गेला. १९४९ मध्ये वोल्फगांग बार्गमान यांनी विशिष्ट रंजकाच्या साह्याने या स्रावाचा माग अधश्चेतकापासून पीयूषिका ग्रंथीच्या पश्चखंडापर्यंत काढला. पान्हा आणणारे ऑक्सिटोसिन हा खंड निर्माण करीतच नाही. ते मेंदूत तयार होते, चेतातंतूंतून खाली उतरते आणि येथे केवळ साठते. बाळ स्तनाला लागले, कधी नुसते रडले, तरी मेंदूच्या इशाऱ्यासरशी ते रक्तात मिसळते आणि साठलेले दूध वाहू लागते. दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन मात्र पूर्वखंडातले. म्हणजे दुधाचे संप्रेरक वेगळे, पान्ह्याचे वेगळे.

माझी मुलगी अपुऱ्या दिवसांची. ती काचेच्या पेटीत, मी वरच्या मजल्यावर. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने निकाल दिला, “हिला दूधच नाही.” बाळंतिणीला हे वाक्य किती खोल कापते, ते ऐकलेलीच जाणे. माझी आई चौथी शिकलेली. ती एवढेच म्हणाली, “दूध आहे हो बाई, पान्हा नाही. लेकराजवळ बसवा तिला.” दुपारी मला पेटीजवळ नेले. मुलगी रडली आणि माझा पदर भिजला.

ईली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी १९४१ मध्ये दाखवले होते की गाय घाबरली, वा तिला ॲड्रेनलिन टोचले, की पान्हा अडतो. आईला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिने गोठा पाहिला होता. दूध खरोखरच कमी असते अशाही स्त्रिया असतात, हे खरे. पण ज्यांच्याजवळ ते आहे, त्यांना भय आणि ताटातूट देऊन वर दोषही द्यायचा, हा कोणता न्याय?

‘पिट्युइटरी’ हे नाव कफ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले. मेंदूतला मळ तिच्यातून नाकावाटे उतरतो, अशी जुनी समजूत होती. आपल्याकडे मात्र ती पीयूषिका झाली. पीयूष म्हणजे अमृत. आणि संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिले दूध, आपला चीक, हाही त्याचा अर्थ आहे. हा शब्द घडवणाऱ्याच्या मनात तो दुसरा अर्थ होता की नाही, कोण जाणे. ग्रंथीला मात्र तोच अधिक शोभतो.