घरी रोल धुताना डेव्हलपर कोणता घ्यावा?

वस्तीतल्या वडीलधाऱ्या माणसांचे फोटो आम्ही ब्लॅक अँड व्हाइट रोलवर काढतो. मोबाईल आज घरोघरी आहे, पण तो बिघडला की आतले फोटोही जातात. निगेटिव्ह जपली तर नातवंडांच्याही उपयोगी पडते. मात्र रोल धुताना बिघडला तर कायमचा गेला. आम्ही ज्यांचे फोटो काढले त्यांपैकी दोन आजी आज हयात नाहीत आणि घरच्यांपाशी त्यांचा दुसरा धड फोटो नाही. बाहेर धुवायला दिलेल्या एका रोलवर लांबलचक ओरखडे आले, तेव्हापासून आम्ही रोल घरीच धुतो.

डेव्हलपर कोणता घ्यावा, असे विचारले तर प्रत्येक जाणकार आपल्याच डेव्हलपरची थोरवी सांगतो. आम्ही पडलो कारकून, शिक्षण बी. कॉम. वही काढली आणि दोनच प्रश्न लिहिले. आपण रोल किती धुणार? आणि नळाचे पाणी किती गरम?

पहिला डी-76. कोडॅकने 1927 साली काढलेला. पावडर पाण्यात कालवून तयार करायचा. इलफर्डचा आयडी-11 जवळजवळ तोच. फोटोत दाणा बारीक येतो. तयार द्रावणात तितकेच पाणी मिसळले, तर 300 मिलिलिटरच्या टाकीत एका रोलला 150 मिलिलिटर लागते. म्हणजे लिटरभरात सहा रोल. पण कालवलेले द्रावण काठोकाठ भरलेल्या बाटलीत सुमारे सहा महिने आणि अर्ध्या बाटलीत दोनच महिने टिकते.

दुसरा रोडिनल. जर्मनीच्या आग्फाचा, 1891 सालचा. हा तयार द्रव. एका भागाला 50 भाग पाणी, म्हणजे रोलमागे 6 मिलिलिटर पुरतो. बाटली वर्षानुवर्षे टिकते. दाणा मात्र ठळक दिसतो.

आता पाण्याचे. रोलच्या कागदावरची वेळ बहुधा 20 अंशांची असते. आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणी 30 अंशांच्या आसपास असते. गरम पाण्यात काम झपाट्याने होते आणि पाच मिनिटांच्या आत उरकले तर निगेटिव्हवर डाग-पट्टे येऊ शकतात. म्हणून पातळ केलेला डेव्हलपर बरा, त्याला वेळ जास्त लागतो. एचपी5 प्लस रोलला आयडी-11 नुसता वापरला तर 20 अंशांवर साडेसात मिनिटे, निम्मे पाणी घातले तर 13 मिनिटे. आम्ही बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करून 24 अंशांवर आणतो आणि त्या तापमानाची वेळ तक्त्यात पाहतो. फिक्सर आणि धुण्याचे पाणीही त्याच अंशांवर ठेवतो.

आमचा दोन महिन्यांत जेमतेम एक रोल होतो, म्हणून आम्ही रोडिनल घेतला. दाणा दिसला तरी आजीचा चेहरा ओळखू येतो. शिळ्या डेव्हलपरमधून कोरी निगेटिव्ह निघाली, तर आजी पुन्हा कुठून आणायची? लग्नसराईत पाच-सहा रोल एकदम धुवायचे असतील, तर डी-76 कालवावा. कोणताही घ्या, आधी रोलच्या टोकाचा उजेड लागलेला तुकडा त्यात बुडवून पाहा. तो काळाकुट्ट झाला तरच रोल टाकीत घाला.

घर लहान असले तर आणखी एक काळजी घ्यावी. ही औषधे विषारी आहेत. मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत. स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये. सरबताच्या बाटलीत डेव्हलपर कधीही भरू नये. बाटलीवर नाव व तारीख लिहून ती मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावी.