तीन कवट्या जुळल्या

तांबरमहून बीचकडे निघालेल्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की माझा मुलगा फोनसाठी हात पुढे करतो. सॅनटोरियम, क्रोमपेट, पल्लावरम... गिंडी येईपर्यंत त्याची एक लढाई होते. लढाई म्हणजे आठ बाय आठ घरांचा पट आणि त्यावर रंगीत रत्नं. शेजारच्या दोन रत्नांची अदलाबदल करायची, एका रेषेत तीन सारखी आली की ती नाहीशी होतात आणि वरची खाली घसरतात. एवढंच असतं तर तो 2001 सालचा बिज्वेल्ड झाला असता, ऑफिसातल्या संगणकावर लपून खेळायचा. पण इथे पटाच्या एका कडेला मुलाचा वीर उभा असतो, दुसऱ्या कडेला वेताळ किंवा सांगाडा. लाल रत्नं जुळवली की लाल मंत्रांसाठी बळ साठतं, निळी जुळवली की निळ्या. कवट्या जुळवल्या की समोरच्यावर घाव बसतो. जिंकलं की अनुभव, सोनं, नवी तलवार आणि गोष्टीचं पुढचं पान.

ही जोडणी पहिल्यांदा नीट जमवली ती 2007 साली आलेल्या ‘पझल क्वेस्ट’ने. तो ऑस्ट्रेलियातल्या इन्फिनिट इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा. स्टीव्ह फॉकनर त्याआधी ‘वॉरलॉर्ड्स’ नावाच्या युद्धखेळांसाठी ओळखले जात, आणि त्याच दुनियेत त्यांनी हा रत्नांचा पट मांडला. मी तो वर्षभराने एका मैत्रिणीच्या निन्टेन्डो डीएसवर खेळले आणि एम.ए.चं वाचन जरा मागे पडलं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली होती: पट दोघांचा मिळून एकच असतो. बुद्धिबळासारखी तुमची सोंगटी वेगळी, माझी वेगळी असं नाही. जे मी उचललं नाही ते पुढच्या खेपेला समोरचा उचलणार. म्हणून कधीकधी मला नको असलेली हिरवी रत्नंही घ्यावी लागतात, केवळ त्याला मिळू नयेत म्हणून. चार जुळली तर आणखी एक खेळी मिळते. वरून काय पडणार हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. संगणकाला ते आधी दिसतं, तो लबाडी करतो, अशी खेळणाऱ्यांची तक्रार होती आणि फॉकनर यांनी ती नाकारली होती. मीही ती तक्रार केलेली आहे, रात्री दोन वाजता, मोठ्याने.

हे सगळं मी विसरले होते. मग काही वर्षांपूर्वी एका कंपनीने मला तशाच एका मोबाइल खेळाचं मराठी करायला दिलं. हिंदी आणि तमिळ दुसऱ्यांकडे, मराठी माझ्याकडे. कादंबरीच्या अनुवादापेक्षा पैसे बरे होते, हे लपवत नाही. पण खरं कारण घरात होतं. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. शाळेत तमिळ आणि इंग्रजी, खाली खेळायला गेला की तमिळ, माझ्याशी मराठी. देवनागरी मात्र तो पाटी वाचावी तशी वाचायचा, एकेक अक्षर लावत. मराठी पुस्तकं आणून ठेवली की ती कपाटात छान दिसायची.

आमच्याच रस्त्यावर एक आजी राहतात, तंजावर मराठी घरातल्या. व्यंकोजीराजांच्या काळात, सतराव्या शतकात, जी माणसं तंजावरला आली त्यांची ही भाषा. माझ्याशी बोलताना त्या ‘ये गं, बस’ म्हणतात आणि वाक्याचा शेवट असा काही वर नेतात की मला क्षणभर तमिळ ऐकल्यासारखं वाटतं. पण किराणा मालाची यादी त्या तमिळ लिपीत लिहितात, मराठी शब्दसुद्धा. तीनशेहून जास्त वर्षं भाषा तोंडात टिकली, लिपी हातातून गेली. त्या आजींकडून आले की मुलाला वाचायला बसवायचं मला फार सुचायचं, आणि तो कंटाळायचा. म्हणून वाटलं, खेळ मराठीत असेल तर हा वाचेलच. वाचल्याशिवाय मंत्र कुठला ते कळणार कसं?

फाइल आली. सुमारे चार हजार ओळी, कुठली ओळ कुणाच्या तोंडची हे न सांगता. पहिल्याच दिवशी ‘माना’पाशी अडले. हा शब्द मूळ प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. कॉड्रिंग्टन या मिशनऱ्याच्या 1891 सालच्या ग्रंथामुळे तो मानववंशशास्त्रात रुळला, 1969 मध्ये लॅरी निव्हन यांनी एका कथेत जादूचं खर्च होणारं इंधन म्हणून तो वापरला, आणि आता प्रत्येक जादूच्या खेळात तो असतो. मराठीत ‘लाल माना +3’ लिहिलं की तीन रक्तबंबाळ माना डोळ्यांपुढे येतात. मी ‘तेज’ केलं. लाल तेज, निळं तेज. पातळी वाढण्याचंही तसंच. तांबरमला 2015 च्या डिसेंबरनंतर ‘पातळी वाढली’ म्हटलं की मुडिच्चूरच्या गल्ल्यांतलं अड्यारचं पाणी आठवतं. कोल्हापूरकरांना पंचगंगा आठवेल. शिवाय ‘चढलास’ की ‘चढलीस’ हा प्रश्न होताच, कारण खेळणारी मुलगीही असू शकते. शेवटी ‘वरची पायरी!’ एवढंच ठेवलं.

रत्नांची नावं मात्र आपल्याकडे तयारच होती: माणिक, पाचू, नीलम, पुष्कराज. इंग्रजीतल्या ‘लाल खडा’पेक्षा श्रीमंत. मी खूश होते, तोवर यंत्राचं वाक्य आलं. इंग्रजीत एकच ओळ असते: तीन अमुक जुळले. अमुकच्या जागी यंत्र नाव भरतं. मराठीत तीन पुष्कराज जुळले, तीन माणकं जुळली, तीन कवट्या जुळल्या. क्रियापद प्रत्येकासाठी वेगळं. तमिळमध्ये ही अडचण नाही. तिथे दगड, कवटी, नाणं सगळं ‘अह्रिणै’, म्हणजे बुद्धिहीन वस्तूंच्या वर्गातलं, त्याला एकच रूप चालतं. मग विभक्ती. ‘सांगाडा’ला ‘ने’ लावायचा तर सांगाड्याने, चेटकीण असेल तर चेटकिणीने. यंत्र लिहिणार ‘सांगाडा ने हल्ला केला’. अशा मराठीच्या पाट्या पुण्यामुंबईत आता सर्रास दिसतात, पण मुलाला शिकवायला मी ती देणार नव्हते. कंपनीतल्या अभियंत्याला विनंती केली: प्रत्येक नावासाठी सामान्यरूपाचा आणि क्रियापदाचा असे दोन जादा रकाने द्या. तो आधी गप्प, मग म्हणाला, तमिळवालेही तेच मागतायत, सामान्यरूपाचा रकाना देतो. क्रियापदाचा रकाना मी त्याच्याकडून नंतर मिळवला.

राक्षसांनी कसं बोलायचं यावर मी आठवडा घालवला. एकाला वऱ्हाडी, एकाला मालवणी द्यायचा मोह झाला होता, मजा आली असती. पण प्रमाण बोलणारा वीर आणि बोली बोलणारे राक्षस, हे लिहून पाहिलं आणि खोडलं. बोली दिली ती विरालाच गाव दाखवणाऱ्या म्हातारीला.

पहिला वाचक मुलगा होता. रात्री जेवणानंतर मी त्याला वीसेक ओळी दाखवायचे आणि तो सांगायचा हे कधी येतं. ‘आई, हे हरल्यावर येतं, इतकं लांब कोण वाचणार?’ तो बरोबर होता. चार महिन्यांत तो वाचता झाला असं नाही म्हणणार मी. पण ‘कवट्या’तला ‘ट्या’ त्याला आता अडवत नव्हता, आणि ‘सांगाडाने’ वाचलं की तो स्वतःच ‘सांगाड्याने’ म्हणायचा.

मग कंपनीचं पत्र आलं: पहिल्या टप्प्यात मराठी घेत नाही. निम्मे पैसे आले, कारण आलं नाही. मी तीनदा विचारलं. बहुधा कुणीतरी हिशेब केला असेल की मराठी माणूस हिंदीत खेळतोच.

खेळ हिंदीत आला, तमिळमध्ये आला. गिंडीपर्यंत मुलगा जो खेळतो तो तोच, तमिळमधला. चांगलं केलंय ते भाषांतर. त्याच्या खांद्यावरून वाचताना मला दोन ठिकाणी हेवा वाटला. माझी फाइल संगणकात आहे. मध्यंतरी एकदा त्याने ती मागितली, म्हणाला म्हातारी काय म्हणते ते बघायचंय. मी दिली. त्याने म्हातारीच्या सगळ्या ओळी वाचल्या, मग वर जाऊन वेताळाच्या शोधल्या.

परवा मी फोन त्याच्याकडून परत घेतला आणि स्वतःच एक डाव मांडला. मीनंबाक्कमला गाडी बराच वेळ थांबली होती. मी पिवळ्या रत्नांकडे बघत होते.

‘आई, कवट्या,’ तो म्हणाला. ‘डावीकडे. तू नाही घेतल्यास तर तो घेईल.’