आजोबांची ‘जर्मन’ दुर्बीण

आमच्या घरातली दुर्बीण जर्मन, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. तिथे पकडलेल्या जर्मन अधिकाऱ्याच्या गळ्यातली ही दुर्बीण, असं काका रंगवून सांगायचे. आजोबांना विचारायचं मात्र राहून गेलं.

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याचं घर आवरताना ती माळ्यावर सापडली. कुणीतरी तिला काळा ऑइलपेंट फासला होता. तो काढायला मी ड्रिलला तारेचा ब्रश लावला. तिथेच चुकलं. उजव्या बाजूच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे रंगाबरोबर गेले.

पुण्यातल्या एका हौशी संग्राहकांना ‘जर्मन कंपनी झाइसची आहे, घेता का?’ म्हणून फोटो पाठवले. ते घरीच आले. दुर्बीण उजेडात तिरकी धरली आणि म्हणाले, “टाल्कम पावडर आहे का?” डाव्या बाजूला मी अजून हात लावला नव्हता. तिथे त्यांनी चिमूटभर पावडर चोळली, फडक्याने हलकेच पुसली. रंगाखालच्या खाचांत पांढरी अक्षरं उठली: ‘बिनो प्रिझम नं. २’, खाली ‘आर.ई.एल. कॅनडा, १९४३’. शेजारी इंग्रजी ‘सी’ आणि त्याच्या पोटात बाण.

मी ओशाळलो. झाइसचा भाव मनात धरूनच बसलो होतो ना!

त्यांनी समजावून सांगितलं. आर.ई.एल. म्हणजे टोरांटोजवळच्या लीसाइडची रिसर्च एंटरप्रायझेस लिमिटेड ही सरकारी कंपनी. ‘सी’तला बाण ही कॅनडाच्या लष्करी मालाची खूण. जर्मन लष्करी दुर्बिणीवर बहुधा ‘डीन्स्टग्लास’ असतं, आणि युद्धाच्या पुढच्या वर्षांत कारखान्याच्या नावाऐवजी तीन अक्षरं: झाइस येनाची ‘बीएलसी’, लाइट्सची ‘बीईएच’. युद्धानंतरच्या जपानी दुर्बिणींवर पुढच्या बिजागरीपाशी ‘जेबी’ आणि आकडा बघायचा. वर नाव कुठलंही असो.

आमच्या चामडी पेटीवर १९४१ चा शिक्का आहे. म्हणजे पेटी दुर्बिणीपेक्षा दोन वर्षांनी मोठी! पेट्यांची अदलाबदल नेहमीचीच, त्यामुळे तो पुरावा धरायचा नाही.

इटलीत भारतीय आणि कॅनेडियन फौजा ब्रिटिशांच्या एकाच आठव्या आर्मीत लढल्या होत्या. त्यामुळे दुर्बीण तिथून आलेली असू शकते. जर्मन अधिकारी तेवढा काकांचा.

ती विकली नाही. तुमच्या माळ्यावर अशी एखादी असेल, तर ब्रश लावण्याआधी पावडर चोळा आणि अक्षरांचे फोटो काढून ठेवा.