वजन उचला

सँडविच कुरकुरीत होत नाही म्हटलं की लोक त्यावर आणखी वजन ठेवतात. खलबत्ता, वरवंटा, पाण्याने भरलेला कुकर, हाताला येईल ते. मग बटाटा कडांनी बाहेर येतो, ब्रेड चपटा होतो आणि खाताना तरीही कुरकुर ऐकू येत नाही. दाबल्याने ब्रेड तव्याला सगळीकडे नीट टेकतो, एवढंच. कुरकुरीतपणा येतो तो पाणी गेल्यावर. वरच्या थरात ओल आहे तोवर तो १०० अंशांच्या फारसा पुढे जात नाही आणि खमंग तांबूस रंग धरायला साधारण १४० तरी लागतात.

मुंबईतल्या सँडविचवाल्याचा लांब दांड्यांचा ॲल्युमिनियमचा टोस्टर आपण कौतुकाने बघतो. खरं बघायचं ते त्याच्या आधीचं. तो ब्रेडला पार कडेपर्यंत बटर फासतो, चटणी त्यानंतर. बटर मधे असलं की चटणीचं पाणी ब्रेडमध्ये चटकन उतरत नाही. म्हणून चटणी वाटताना मी पाणी जवळजवळ घालतच नाही. लिंबू पिळते आणि घट्टपणासाठी मूठभर डाळं टाकते. काकडी-टोमॅटोवर मीठ अगदी शेवटी भुरभुरायचं, नाहीतर सगळं पाणी सुटतं. बटाटा उकडून पूर्ण गार झालेला हवा. ब्रेड कालचा असला तर उत्तमच.

आता तवा. माझा बिडाचा आहे, जड आणि उष्णता धरून ठेवणारा. बाहेरून ब्रेडला तूप लावते, कारण बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं आणि त्यातला दुधाचा अंश लवकर करपतो. स्वादासाठी बटरचा तुकडा शेवटच्या अर्ध्या मिनिटात तव्यावर सोडायचा. आच मंद ते मध्यम. सँडविचवर सपाट बुडाचं पातेलं, त्यात तांब्याभर पाणी, बस्स. (दुसरा तवा तापवून वर उपडा ठेवायची युक्ती चांगली आहे, पण मनगटात ताकद आणि जवळ जाड फडकं हवं.) दोनएक मिनिटांत खालचा भाग तव्याला नीट टेकला की पातेलं उचलायचंच. ते तसंच राहिलं तर आतली वाफ कोंडते आणि वरची बाजू ओली होते. उलटल्यावर पुन्हा थोडाच वेळ दाबायचं, मग उघडंच भाजू द्यायचं. चर्र आवाज हळूहळू कमी होत जातो. वाफ संपत आल्याची ती खूण. मी रंगापेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवते.

उतरवल्यावर ताटलीत ठेवू नका. खाली वाफ धरते आणि सगळी मेहनत मिनिटभरात लिबलिबीत होते. पापड भाजायची जाळी बहुतेक घरांत असते, ती वाटीवर ठेवून त्यावर सँडविच टेकवा. एकावर एक तर मुळीच रचू नका. घरात चौघं असतील तर चौघांनी एकत्र बसून खायचा हट्ट सोडावा. तव्यावरून उतरेल तसं ज्याचं त्याने खावं, करणाऱ्याने शेवटी. शेव खायच्या क्षणीच घालायची.

आणि डब्यासाठी हा खटाटोप करूच नका. झाकणाखाली तासाभरात टोस्ट चामट होतो. डब्यात साधं, न भाजलेलं सँडविच द्या, बटर सढळ हाताने लावून.