महाडच्या वाटेवरचे नागोठणे

वीस मार्चला महाडला निघालेल्या आपल्या गाड्या पेण, वडखळ मागे टाकून नागोठण्याला येतात, तेव्हा बहुतेकांना डुलकी लागलेली असते. पुढच्या खेपेला वाचक बंधू-भगिनींनी येथे अर्धा तास उतरावे. गाव अंबा नदीकाठी आहे. भरतीचे पाणी इथवर चढत असल्यामुळे एके काळी मुंबईची गलबते धरमतरच्या खाडीतून थेट नागोठण्याला लागत. चौलच्या काझी अल्लाउद्दीनने १५८० च्या सुमारास बांधलेल्या दगडी पुलाचीही ख्याती जुनी आहे.

परंतु देशभर या गावाचे नाव झाले ते ५ नोव्हेंबर १९९० रोजी. येथील आय.पी.सी.एल. हा केंद्र सरकारचा कारखाना. उरणहून नळाने येणारा इथेन-प्रोपेन वायू गळला, भडका उडाला आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भोपाळला तेव्हा सहा वर्षे होत आली होती. धोक्याची माहिती कामगारांना आणि शेजारच्या वस्तीलाही दिली पाहिजे, अशी दुरुस्ती फॅक्टरी कायद्यात १९८७ सालीच झाली होती. कायद्यातले कलम आणि फाटकाबाहेरच्या वाडीतल्या बाईच्या कानावर पडलेली माहिती यांत किती अंतर असते, ते आपल्या लोकांना सांगायला नको. तरी मागायला कलम होते.

हाच महामार्ग पुढे राजापूरकडे जातो. त्या तालुक्यात जैतापूरजवळ माडबन येथे प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांची योजना आहे. तिला विरोध करणाऱ्यांवर एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे गोळीबार झाला आणि एक माणूस ठार झाला. तेथे नागोठण्यासारखे कलम मागायचे कोणाकडे?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वीज समवर्ती सूचीत आहे, पण अणुशक्ती फक्त केंद्राच्या सूचीत. शिवाय १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाने माहिती दडवून ठेवण्याचा अधिकारच सरकारला दिला होता. म्हणजे वायूच्या कारखान्याला सांगण्याची सक्ती आणि अणुभट्टीला न सांगण्याची मुभा! १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ निघाले खरे, पण ते ज्या आयोगाला जबाबदार, त्याचा अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचाच सचिव, आणि भट्ट्या चालवणारी कंपनीही त्याच खात्याची. खेळणाराही घरचा, पंचही घरचा.

पंचाने तोंड उघडले तर काय होते, तेही पाहून झाले आहे. डॉ. ए. गोपालकृष्णन अध्यक्ष असताना १९९५ मध्ये मंडळाने देशातील अणुकेंद्रांतील सुरक्षेच्या सुमारे १३० त्रुटींची यादी केली. ती जनतेला दाखवा म्हणून काही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. शेवटी २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही सरकारची गुप्तता उचलून धरली. फुकुशिमानंतर स्वतंत्र नियामकाचे विधेयक २०११ मध्ये आले, ते २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच संपले.

डिसेंबर २०२५ मध्ये 'शांती' नावाच्या नव्या कायद्याने मंडळाला कायद्याचा आधार मिळाला, ही चांगली गोष्ट. पण त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांना दार उघडले, आणि सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचा २०१० च्या कायद्यातला हक्क काढून टाकला. हे मला मुळीच पटत नाही. नागोठण्याचा सरकारी कारखानाही २००२ नंतर रिलायन्सकडे गेला. मालक बदलला, शेजारची गावे तीच राहिली.

म्हणून नागोठण्याला उतरलात तर चहाच्या टपरीवर एखाद्या वयस्कर माणसाजवळ बसा. त्याला विचारा, कारखान्याचा भोंगा कोणत्या धोक्याला कसा वाजतो आणि तो वाजला की पोराबाळांना घेऊन कोणत्या दिशेने निघायचे? माडबनच्या माणसाला हे उत्तर भट्टीचा पाया खोदण्याआधी मिळाले पाहिजे.