पावसाळी मुलखाचं दुकान

सॅन होजेच्या पूर्व भागात, स्टोरी रोडच्या आसपास, व्हिएतनामी दुकानं सुरू झाली हे आधी नाकाला कळतं. धूप, पिकलेला फणस, चरकातून नुकताच निघालेला ऊस, आणि या सगळ्यांच्या तळाशी मुरलेली मासळी. तीन वाटे बारीक मासे, एक वाटा मीठ, लाकडी पिंपात वर्षभर झाकून ठेवायचं. त्यातून झिरपतो तो त्यांचा न्योक माम. ओळखीतली काही मंडळी या वासाला बिचकून दारातूनच परततात. सुक्या बोंबलांच्या शेजारी वाढलेल्यांना मात्र तो खुशाल आत ओढतो.

मोठी झगझगीत दुकानं तिथे आहेतच, पण माझा जीव एका चिंचोळ्या दुकानावर आहे. दोन माणसं समोरासमोर आली की एकाने तांदळाच्या पोत्यांना पाठ लावून उभं राहायचं. गल्ल्याजवळ, थेट जमिनीवर, दाराकडे तोंड केलेला लाल देव्हारा. आत दोन देव: एक पांढऱ्या दाढीचा, धनाचा, दुसरा भूमीचा, ढेरपोट्या, हसरा, हातात पंखा. पुढ्यात केळी, फुलं, काळ्या कॉफीचा पेला, कधी सिगारेटसुद्धा. आपल्या बाप्पाच्या मोदकांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या देवाच्या आवडीनिवडींना हसू नये.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जायचं असेल तर घेण्याच्या तयारीनेच जावं. पहिलं गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं तर सगळा दिवस वाया, असं त्यांच्याकडेही मानतात; व्हिएतनाममधल्या बाजारात अशा वेळी कागद पेटवून दृष्ट काढावी तसा तो अपशकुन घालवतात. इथल्या मालकीणबाई कागद पेटवत नाहीत, नुसतं बघतात. तेवढ्यावर मी आल्याचा एक तुकडा तरी घेतो. कुणाची भवानी आपल्यामुळे अडू नये.

खरी मजा भाजीच्या फळीवर. आपल्या देशी दुकानात भेंडी, तोंडली, वांगी मिळतात, पण ते दुकान मुळात पाकिटांचं आणि डब्यांचं. परसात आपसूक वाढणाऱ्या भाज्यांना तिथे कोण विचारतो? त्या सगळ्या इथे येऊन बसल्यात. मायाळू. शेवग्याचा पाला. घोसाळी. नाळीची भाजी. चौधारी शेंगा, ज्या कोकणातही हल्ली शोधाव्या लागतात. शिवाय रबरबँड लावलेल्या लहान जुड्या, ज्या आसपासच्या आज्याबाई आपल्या मागच्या अंगणातून खुडून आणतात. पुडक्यातल्या भाजीला नसतो तो ओलेपणा त्यांना असतो.

आणि हातभर लांबीचे ते फिकट हिरवे देठ. अळूच्याच कुळातले. आडवे कापले की आत नुसती जाळी, बारीक बारीक भोकांची. बोटाने दाबलं की आत जातं, सोडलं की हळूच वर येतं. आंबट रश्शात टाकायचे ते याचसाठी, रस्सा पिऊन घेतात. त्यांच्या त्या रश्शात चिंच असते, थोडी साखर असते, टोमॅटो, भेंडी, अननस आणि मासा. अननस आणि मासा बाजूला ठेवा, गूळ आणि शेंगदाणे घाला, आणि आपण फदफद्याच्या उंबरठ्यावर आलोच. यात नवल कसलं? नैऋत्येचा जो पाऊस जूनमध्ये आपली कौलं धुतो, तोच मेकाँगच्या खाऱ्या-गोड्या मुलखातही मे ते ऑक्टोबर कोसळतो. सॅन होजेत उन्हाळाभर थेंब नाही, टेकड्या गवताने पिवळ्या पडलेल्या. आणि या दुकानात मात्र जुलै महिन्यात चक्क श्रावण असतो.

पण हा सारखेपणाचा लळा फार ताणू नये. गल्ल्यामागे एक झेंडा आहे, पिवळा, त्यावर तीन लाल पट्टे. तो ज्या देशाचा, तो देश 30 एप्रिल 1975 ला सायगॉन पडलं तेव्हा संपला. त्यानंतरची कित्येक वर्षं माणसं मिळेल त्या होडीने समुद्रात उतरत राहिली. सगळी किनाऱ्याला लागली नाहीत. आज या शहरात व्हिएतनामी वंशाचे लाखाहून जास्त लोक आहेत, त्यांतले कित्येक त्या वाटेने आलेले. आम्ही आलो नोकरीची पत्रं आणि मेतकुटाचे डबे घेऊन, परतीचं तिकीट खिशात. फळीच्या कोपऱ्यात भातखाचरात उगवणारी एक नाजूक पाल्याची जुडी असते, चुरडली की जिऱ्याचा आणि लिंबाचा वास देणारी. ती या देशात आली सत्तरच्या दशकात, या निर्वासितांच्याच संगतीने. त्या धावपळीत कुणाला तिची आठवण राहिली असेल, याचा विचार मी करतो आणि मुकाट्याने एक जुडी पिशवीत टाकतो. आमटीत बरी लागते.

नव्या वर्षाला दुकानातून दिनदर्शिका फुकट मिळते. रोज एक पान फाडायचं, त्यावर इंग्रजी तारखेखाली चांद्रतिथी. कालनिर्णयवर पोसलेल्या डोळ्यांना ती वाचायला वेळ लागत नाही. बहुतेक वर्षी आपली भाद्रपद पौर्णिमा आणि त्यांचा मधल्या शरदाचा सण एकाच रात्री येतो, त्यामुळे विसर्जनाच्या सुमारास दुकानात चांद्रकेकच्या पत्र्याच्या डब्यांची चळत लागते आणि त्याच चळतीला वळसा घालून आम्ही मोदकांच्या पिठीकडे जातो. पिठी थायलंडची, पाकिटावर तीन डोक्यांचा हत्ती. गणपतीला दुसरं काय शोभणार! लाल अक्षरांची साध्या तांदळाची, हिरव्या अक्षरांची चिकट तांदळाची. लाल घ्यावी, त्यात चमचा-दोन चमचे हिरवी मिसळावी. पारीला चीर जात नाही.

गोठवलेली केळीची पानं मात्र आधीच्या आठवड्यात आणून ठेवावीत. ओणम मागेपुढेच असतो, आणि केरळी मंडळी आमच्यापेक्षा लवकर उठतात.