'येतो' म्हणून गेलेले

भाषा शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कुठलेही पुस्तक हाती आले, की गोष्ट बाजूला राहते आणि तो शब्दांच्या मागे धावतो. दुसऱ्या महायुद्धात युरोपवर उडालेल्या बाँबफेकी विमानांविषयीची पुस्तके मी गेली काही वर्षे अशीच वाचतो आहे. इंजिनांची ताकद, बाँबचे वजन, असली पाने मी सरळ उलटतो. त्यातले मला ओ की ठो कळत नाही. मी थबकतो तो त्या पोरांच्या बोलण्यापाशी.

पोरेच ती! बहुतेक जण विशीतले. माझ्या बी. ए.च्या वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारी असतात ना, त्याच वयाची. सोपी, फारसा विरोध न होणारी कामगिरी असली, की अमेरिकन पोरे तिला 'दुधाची फेरी' म्हणत. गवळ्याने रतीब घालून यावे, तसे जायचे आणि यायचे. विमाने गेल्यावर तळावर मागे राहिलेले लोक ती परत येईपर्यंत आकाशाकडे डोळे लावून बसत. त्या वाट पाहण्याला शब्द होता 'घाम गाळणे'. इंग्रजांच्या हवाई दलात समुद्रात सुरुंग पेरायला जाणे म्हणजे 'बागकाम', आणि सुरुंग म्हणजे 'भाजीपाला'. एखादा सोबती मेला, तर तो मेला असे कुणी म्हणत नसे. 'तो बर्टन घ्यायला गेला' म्हणत. बर्टन म्हणजे बिअर, असे पुष्कळ जण समजतात. शब्दाच्या उगमाविषयी मात्र विद्वानांचे एकमत नाही. विद्वानांचे कशावर असते?

हे वाचताना मला परके काही वाटेना. आपल्याकडे तरी दुसरे काय आहे? बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान संध्याकाळी बंद होत नाही, तेही वाढते. देवापुढचा दिवा विझत नाही, शांत होतो. आणि घराचा उंबरा ओलांडणारा मनुष्य, मग तो वाण्याकडे निघालेला असो की सातासमुद्रापलीकडे, 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. चुकून 'जातो' म्हटलेच, तर आतून आजी ओरडते, "अरे, 'येतो' म्हण!"

वर्गात हे सांगत होतो, तेव्हा एका मुलीने उभे राहून विचारले, "पण सर, हा खोटेपणा नाही का?" प्रश्न रास्त होता. तासाची घंटा झाली म्हणून मी सुटलो. पण प्रश्न काही मला सोडीना. त्याचे उत्तर मला शोधावे लागले, ते त्या विमानतळांवर.

इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरफोक परगण्यात थॉर्प अ‍ॅबट्स नावाचे खेडे आहे. अमेरिकनांचा १०० वा बाँबर ग्रुप १९४३ च्या जूनमध्ये तिथे उतरला. चार इंजिनांची बी-१७ विमाने, प्रत्येकात दहा माणसे. पंचवीस कामगिऱ्या पुऱ्या करा आणि घरी जा, असा तेव्हा नियम होता. पुढे पंचविसाचे तीस झाले, तिसाचे पस्तीस. पण पंचवीस तरी गाठायचे कसे? १७ ऑगस्ट १९४३ रोजी रेगेन्सबुर्गच्या विमान कारखान्यावरील हल्ल्यात या ग्रुपची ९ विमाने पडली. ८ ऑक्टोबरला ब्रेमेनवर ७ गेली. आणि १० ऑक्टोबरला म्यून्स्टर शहरावर या ग्रुपची १३ विमाने पोचली, त्यांतले एक परत आले. एक! रॉबर्ट रोझेन्थाल हा त्याचा वैमानिक. दोन इंजिने बंद पडलेली, प्राणवायूची यंत्रणा निकामी, मागचे दोन तोफची जखमी. बारा विमाने म्हणजे सुमारे एकशेवीस माणसे. सकाळी ज्यांनी एकमेकांच्या टोप्या उडवल्या असतील, त्यांची जागा संध्याकाळी जेवणाच्या टेबलापाशी रिकामी.

या ग्रुपला पुढे 'ब्लडी हंड्रेड्थ' हेच नाव पडले. पण नुकसान काही त्याच्या एकट्याचे नव्हते. इंग्रजांच्या बाँबर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख लोक विमानांतून उडाले. त्यांतले ५५,५७३ मेले. शंभरांत चव्वेचाळीस!

आता सांगा, ज्या खोलीत रोज रात्री दोन खाटा रिकाम्या होतात, तिथे 'मेला' हा शब्द किती वेळा उच्चारायचा? उद्या पहाटे पुन्हा उडायचे असते. बेपत्ता झालेल्याचे सामान गोळा करायला इंग्रजांच्या तळावर खास मंडळी येत. पत्रे, फोटो, कपडे, सारे नीट बांधून घरच्यांकडे पाठवायचे. या व्यवस्थेचे नाव काय होते म्हणता? 'समायोजन समिती'! सरकारी शब्द, कोरडा ठणठणीत. पण एखाद्या आईच्या हाती मुलाचा कंगवा पोचवण्याचे काम त्याच्याकडे होते.

आणि दप्तरात काय लिहीत? परत न आलेल्या विमानापुढे 'नष्ट' असे नव्हे, 'मृत' असे नव्हे. तिथे इंग्रजीत जे लिहीत, त्याचे मराठी एवढेच: 'परतले नाही'. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. आपल्या 'येतो'चेच हे दुसरे टोक! जाणारा 'येतो' म्हणाला होता. तो अजून आला नाही, एवढेच आम्हाला ठाऊक आहे. यात खोटे काय? खरोखरच कुणाला ठाऊक नसे. कुणी हवाई छत्रीने उतरून कैदेत पडलेला असे, कुणी शेतकऱ्याच्या माळ्यावर लपलेला. आशेला बसायला जागा ठेवणारा तो शब्द होता.

इथे थांबलो असतो, तर त्या मुलीला उत्तर मिळाले असते आणि निबंधही गोड झाला असता. पण त्याच पुस्तकांत दुसरे शब्दही आहेत.

१९४२ च्या मार्चमध्ये लिंडेमन या शास्त्रज्ञाने पंतप्रधान चर्चिलना एक टिपण दिले. जर्मन शहरांतील कामकऱ्यांची घरे बाँबने पाडली, तर त्या देशाचे धैर्य खचेल, असा त्याचा हिशेब. या उद्योगासाठी जो इंग्रजी शब्द वापरला गेला, त्याचा अर्थ 'बेघर करणे'. घर पाडताना घरातला माणूस कुठे असेल, हे त्या शब्दात कुठेच नाही. पुढच्या वर्षी जुलैअखेर हॅम्बुर्ग शहर पेटले. एका रात्री आगीचे असे वादळ उठले, की रस्त्यावरची माणसे ओढली गेली. त्या आठवड्यात सुमारे ३७,००० माणसे मेली. त्यांत बायका, मुले, म्हातारी होती. आणि जिथून एकच विमान परतले, त्या म्यून्स्टरवरील हल्ल्याचा दिवस रविवार होता, आणि नेम होता शहराच्या मध्यावर. हे काही वैमानिकांनाही खटकले होते.

हिटलरशी लढायलाच हवे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्या पोरांच्या धैर्याविषयी तर नाहीच. मी बोलतो आहे ते शब्दांविषयी. 'येतो' हा मऊ शब्द आणि 'बेघर करणे' हाही मऊ शब्दच. पण पहिला माणूस स्वतःच्या जखमेवर ठेवतो, दुसरा दुसऱ्याच्या प्रेतावर पांघरतो. पहिल्याने दुःख झाकत नाही, फक्त सोसवते. दुसऱ्याने दुःख दिसेनासे होते, ते मात्र करणाऱ्याला. ज्याचे घर पडले, त्याला नव्हे.

ते युद्ध संपून कितीतरी वर्षे झाली. थॉर्प अ‍ॅबट्सच्या नियंत्रण मनोऱ्यात आता संग्रहालय आहे. जुने शब्द मात्र संग्रहालयात जाऊन बसलेले नाहीत. आजही कुठेतरी बाँब पडतो आणि वर्तमानपत्रात 'आनुषंगिक हानी' असे छापून येते. तो शब्द वाचला, की मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: ज्याच्या घरचा माणूस गेला, तो हा शब्द उच्चारील का? 'परतला नाही' हे आई म्हणू शकते. 'आनुषंगिक हानी' हे कुठल्याच भाषेतली आई म्हणणार नाही.